विकत घेतलेला चित्रपट नेमका कोणाचा?

वाचकाचे पत्र: आम्ही पती-पत्नी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहोत आणि लवकरच नाशिकमधले मोठे घर सोडून दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला जाणार आहोत. घरात दोन कपाटे भरून चित्रपटांच्या तबकड्या आहेत. त्यांत मराठी चित्रपट व नाटकांच्या व्हीसीडी, हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी आणि न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलाने वेळोवेळी आणलेल्या काही ब्लू-रे आहेत. त्या ब्लू-रेंपैकी काही आमच्या प्लेअरवर लागतच नाहीत आणि प्लेअरही हल्ली तबकडी वाचताना अडखळतो. मुलगा म्हणतो, सगळे भंगारात द्या, हवे ते चित्रपट मी ऑनलाइन विकत घेऊन देतो. त्याने काही घेतलेही, पण ते आमच्या खात्यात दिसत नाहीत. तबकड्या ठेवण्यात अर्थ आहे का? ऑनलाइन विकत घेतलेला चित्रपट कायमचा आपला होतो का? नवा प्लेअर घ्यावा का? (मुलांच्या मुंजीच्या व लग्नाच्या सीड्याही त्याच कपाटात आहेत. त्या अर्थातच ठेवणार आहोत.)

स. न. वि. वि.

आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु आपण कंसात जे वाक्य लिहिले आहे त्याने मला अधिक अस्वस्थ केले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. दुकानात विकली जाणारी चित्रपटाची तबकडी कारखान्यात साच्यावर दाबून तयार होते. तिच्यातली माहिती प्लास्टिकमध्ये उमटलेल्या सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. मुंजीची किंवा लग्नाची सीडी छायाचित्रकाराने आपल्या संगणकावर लिहिलेली असते, आणि तिच्यातली माहिती म्हणजे एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवलेल्या खुणा असतात. हे रंगद्रव्य उजेडाने आणि उष्णतेने हळूहळू फिके पडते. दोन्हींतला फरक ओळखायला तबकडी उलटी करून पाहणे पुरेसे आहे: कारखान्यातल्या तबकडीची खालची बाजू स्वच्छ चंदेरी दिसते, तर घरगुती लेखनाच्या तबकडीवर जांभळी, निळसर किंवा हिरवट झाक असते. म्हणजे आपल्या कपाटात सर्वांत आधी मरणारी वस्तू नेमकी तीच आहे जिची दुसरी प्रत जगात कुठेही मिळणार नाही, आणि ती नुसती ‘ठेवून’ वाचणार नाही. घर बदलण्याच्या गडबडीआधी या सीड्यांची नक्कल हार्ड डिस्कवर करून घ्या, एक नक्कल मुलाकडे पाठवा, आणि मगच बाकीच्या कपाटाकडे वळा. पदपथावर मिळणाऱ्या ‘थ्री-इन-वन’ तबकड्याही बहुधा याच जांभळ्या जातीच्या असतात. त्या आपल्या संग्रहात असल्यास विनासंकोच काढून टाका.

आता मालकीचा प्रश्न. मुलाचा सल्ला अव्यवहारी नाही, पण ‘विकत घेऊन देतो’ असे तो म्हणतो तेव्हा जे घडते ते आपण तबकडी विकत घेत होता त्या व्यवहारासारखे नसते. ऑनलाइन दुकान आपल्याला चित्रपट देत नाही, ते आपल्या खात्याला तो पाहण्याचा परवाना देते, आणि दुकानाचा निर्मात्याशी असलेला करार जिवंत असेपर्यंत आणि दुकान स्वतः चालू असेपर्यंत तो परवाना उपयोगी पडतो. मुंबईच्या जुन्या चाळींतली पागडी आपल्याला ठाऊक असेलच: एकरकमी मोठे पैसे मोजायचे आणि घर मात्र घरमालकाच्याच नावावर राहायचे, तशातला हा प्रकार आहे. फरक एवढाच, की पागडीच्या भाडेकरूला भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण तरी असते.

हे केवळ तात्त्विक भय नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात सोनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राच्या ऑनलाइन दुकानातून ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेले स्टुडिओकॅनल या कंपनीचे चित्रपट ३१ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांच्या संग्रहातून काढले गेले, आणि कारण देण्यात आले ते परवान्याच्या कराराचे. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी मिळून चालवलेली अल्ट्राव्हायोलेट ही सेवा, जिच्यात ग्राहकाचे सर्व डिजिटल चित्रपट एका ‘कपाटात’ कायम राहतील अशी कल्पना होती, ती ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली आणि ग्राहकांना आपली खाती वेळेत दुसऱ्या दुकानांशी जोडून घ्या असे सांगण्यात आले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये चित्रपटांची विक्री थांबवली. पूर्वी घेतलेले चित्रपट तिथे अजून चालतात, परंतु ज्या दुकानात नवी विक्रीच होत नाही ते किती काळ उघडे ठेवले जाईल, याचा अंदाज मी आपल्याला वेगळा सांगायला नको. सर्वांत बोलके उदाहरण मला फनिमेशनचे वाटते. जपानी अ‍ॅनिमेशनपट विकणारी ही अमेरिकन कंपनी तबकडीबरोबर एक डिजिटल प्रतही देत असे. एप्रिल २०२४ मध्ये तिची सेवा क्रंचीरोल या दुसऱ्या ऑनलाइन सेवेत विलीन होऊन बंद झाली, तेव्हा त्या डिजिटल प्रती नव्या ठिकाणी नेण्यात आल्या नाहीत. ग्राहक तोच, चित्रपट तोच, पण कपाटातली तबकडी चालत राहिली आणि खात्यातली प्रत गेली. अशाच तक्रारींतून कॅलिफोर्निया राज्याने केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे, आणि त्यानुसार विक्रेत्याला, आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. त्याने ग्राहकाला मालकी मिळत नाही, फक्त फसगत कमी होते.

मुलाने घेतलेले चित्रपट आपल्याला का दिसत नाहीत, याचेही उत्तर याच व्यवस्थेत आहे. परवाने देशवार दिले जातात आणि खातेही एका देशाशी बांधलेले असते. त्याने ते अ‍ॅपलच्या दुकानातून घेतले असतील, तर तिथली कुटुंबात वाटून घेण्याची सोय केवळ एकाच देशाची खाती असलेल्या सदस्यांना मिळते. न्यू जर्सीचे खाते आणि नाशिकचे खाते या कामापुरते एका कुटुंबात बसत नाहीत. आपल्या वयाच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅपलने खातेदाराच्या पश्चात त्याची छायाचित्रे, पत्रे वगैरे वारसाला मिळण्याची सोय केली आहे, पण विकत घेतलेले चित्रपट, गाणी आणि पुस्तके त्या सोयीतून वगळली आहेत. तबकड्यांचे कपाट नातवाला मिळते. खात्यातला संग्रह खातेदाराबरोबरच संपतो.

मग तबकडीच श्रेष्ठ, असा निष्कर्ष आपण काढाल, तर तोही मी थोडा अडवीन, कारण सगळ्या तबकड्या सारख्या नसतात आणि आपल्याकडे तीन पिढ्या एकाच कपाटात नांदत आहेत. व्हीसीडीचे मानक १९९३ चे आहे. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, आणि एका तबकडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटेच मावत असल्यामुळे ऐन रंगात आलेल्या प्रवेशात उठून दुसरी तबकडी घालावी लागते. डीव्हीडीचे चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, म्हणजे क्षेत्रफळाने चौपटीहून थोडे मोठे, आणि २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे. आजच्या मोठ्या टीव्हीवर व्हीसीडी लावली की चेहऱ्यांचे चौकोन होतात. इतक्या हलक्या दर्जाचे माध्यम आपल्याकडे इतके रुजले ते स्वस्ताईमुळे. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुरुवातीला व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि त्या भावात चित्रपट विकत घेणे हे मध्यमवर्गीय घरातही महिन्याच्या किराण्याइतके सहज झाले. आपल्या दुसऱ्या कपाटाचा बराचसा भाग त्याच काळातला असणार, असा माझा तर्क आहे.

तो बाजार आता उरलेला नाही. मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या व चित्रपटांच्या तबकड्यांचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले, मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. ज्या अमेरिकेतून आपला मुलगा सल्ला देत आहे तिथेही टपालाने डीव्हीडी पाठवून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली, बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये तबकड्यांची विक्री सोडली, आणि प्लेअर बनवणाऱ्यांपैकी सॅमसंग, पाठोपाठ एलजी बाजूला झाल्या. संग्राहकांसाठी उत्तम छपाईच्या महागड्या तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्या अमेरिकेत आणि युरोपात अजून टिकून आहेत. मराठी चित्रपटाला तसा कोणी वाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आपल्यापुरता याचा अर्थ असा, की आपल्या कपाटातली मराठी तबकडी आज गेली तर तिच्या जागी नवी मिळण्याची शक्यता फार थोडी आहे.

म्हणून संग्रह चाळताना व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे असे गट करू नका. प्रत्येक तबकडी हातात घेऊन, हाच चित्रपट दुसरीकडे याहून चांगल्या स्वरूपात मिळतो का, एवढेच तपासा. बरेच जुने मराठी चित्रपट त्यांच्या हक्कधारक कंपन्यांनीच यूट्यूबवर विनामूल्य ठेवले आहेत आणि त्यांची प्रत व्हीसीडीपेक्षा पुष्कळदा बरी असते. गाजलेले हिंदी चित्रपट कुठल्या ना कुठल्या सेवेवर सापडतात. अशा चित्रपटांच्या व्हीसीडी आपण निःशंकपणे सोडू शकता. फक्त सोडण्यापूर्वी ऑनलाइन प्रतीची एकूण लांबी तबकडीच्या लांबीशी ताडून पाहा, कारण गाणी गाळलेल्या किंवा दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या प्रती पुष्कळ फिरतात.

नाटकांच्या व्हीसीडींना मात्र हात लावू नका. दोन दशकांपूर्वी मराठी नाटकांची चित्रीकरणे व्हीसीडीवर मोठ्या संख्येने निघाली, आणि त्यांतली काही आज ऑनलाइन मिळत असली तरी अनेकांचा तिथे पत्ता लागत नाही. चित्रपटाची मूळ रिळे निदान कुठेतरी असण्याची आशा असते. नाटकाच्या बाबतीत त्या संचाचा तो प्रयोग त्या तबकडीबाहेर शिल्लक नसण्याचीच शक्यता अधिक. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर भारतातल्या मूकपटांपैकी बहुतेक सर्व नष्ट होऊन गेले होते. जे दुर्मीळ ठरेल असे त्या वेळी कोणाला वाटले नव्हते, नेमके तेच गेले. घरगुती संग्रहाला संग्रहालयाचा मान देण्याचा माझा हेतू नाही, पण नाटकांच्या बाबतीत आपले कपाट त्या कामाच्या बरेच जवळ जाते.

या निवडलेल्या व्हीसीडींची नक्कल करणे अवघड नाही. संगणकाला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह स्वस्तात मिळतो. व्हीसीडी त्यात घातली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्रफितीची फाइल दिसते. ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि व्हीएलसी या विनामूल्य प्लेअरमध्ये पाहावी. एका तबकडीला साधारण ७०० ते ८०० एमबी जागा लागते, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर हजाराहून अधिक व्हीसीडी बसतील. हार्ड डिस्कही बिघडते, त्यामुळे दोन ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात असावी. धुळीमुळे किंवा डागांमुळे तबकडी अडखळत असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. व्हीसीडीच्या बाबतीत मात्र लोकांचा एक समज उलटा आहे. आपण चंदेरी बाजू जपतो आणि नाव छापलेल्या बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितो, परंतु व्हीसीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूलाच, वार्निशाच्या पातळ लेपाखाली असतो, आणि त्या बाजूचा ओरखडा दुरुस्त होत नाही. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. तरीही डीव्हीडी अमर नाही: वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८ या काळात काढलेल्या काही डीव्हीडी आतून खराब होत असल्याचे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केले.

नकलेच्या कायदेशीर बाजूविषयी थोडे सांगणे भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी केलेल्या वाजवी उपयोगाला सूट आहे. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर मात्र बहुधा सांकेतिक कुलूप असते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा मानते. पूर्ण चित्रपटाची घरगुती नक्कल या सवलतीत कितपत बसते यावर वाद होऊ शकतो. माझे मत असे, की स्वतःच्या मालकीची व्हीसीडी वाचवण्यासाठी केलेली आणि घराबाहेर न जाणारी नक्कल या सवलतीच्या आशयाला धरून आहे. ती सोसायटीच्या गटावर टाकणे किंवा सभागृहात दाखवणे मात्र नक्कीच नाही. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९६४ पर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांबाबत ही चिंता बरीच कमी होते.

ब्लू-रे न लागण्याचे कारण बिघाड नसून विभाग हे आहे: जगाचे विभाग पाडलेले आहेत, आणि एका विभागासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर लागत नाही. अमेरिकेसाठीच्या ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या असतात आणि भारत ‘सी’ विभागात येतो. डीव्हीडीतही असेच आहे, अमेरिका पहिल्या आणि भारत पाचव्या विभागात, पण हिंदी चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडी परदेशस्थ भारतीयांच्या सोयीसाठी सर्व विभागांना चालतील अशाच काढल्या जात, म्हणून आपल्याला हा प्रश्न आजवर आला नसावा. पुष्कळ अमेरिकन ब्लू-रेही प्रत्यक्षात विभागमुक्त असतात, आणि आपल्या काही लागतात त्या याच. २०१६ पासून निघालेल्या फोर-के ब्लू-रेंना विभागच नसतो, पण त्यांना फोर-के प्लेअर लागतो. न लागणाऱ्या ब्लू-रे मुलाला पुढच्या फेरीत परत न्यायला सांगा. त्याच्या घरी त्या लागतील, आणि चित्राचा दर्जा पाहिल्यावर कदाचित त्याचे मतही थोडे बदलेल, कारण नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग पुरेसा मानते, तर साध्या ब्लू-रेवर एकट्या चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. अंधाऱ्या प्रसंगांत आणि आवाजाच्या खोलीत हा फरक जाणवतो. तीन-चार मीटरवरून मध्यम आकाराच्या टीव्हीवर हलकाफुलका चित्रपट पाहताना तो जाणवेलच, असे मी म्हणणार नाही.

प्लेअरबाबत विलंब करू नका. तबकडी नीट ठेवली तर पुष्कळ टिकते, पण तिला वाचणारे यंत्र बाजारातून आधी नाहीसे होते, आणि आपल्याकडे ती वेळ जवळ आली आहे. एचडीएमआय जोडणी असलेला डीव्हीडी प्लेअर आजही मिळतो, तो एक घ्या. जुन्या प्लेअरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लावायची जागा नव्या टीव्हींत असेलच असे नाही. ब्लू-रे प्लेअर घ्यायचा विचार असेल, तर तो व्हीसीडी वाचतो का हे आपलीच एक व्हीसीडी दुकानात नेऊन तपासा, कारण सगळेच वाचत नाहीत.

जागेसाठी प्लास्टिकच्या पेट्या काढून टाकायला हरकत नाही. तबकडी कागदी किंवा कापडी पाकिटात घालून, वरचे छापील वेष्टन तिच्यासोबत घडी करून ठेवावे आणि पाकिटे पुस्तकांसारखी उभी लावावीत. आडव्या थप्प्या करू नयेत, आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यालगत ठेवू नयेत. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्या वाचकांनी डब्यात सिलिका जेलच्या पुड्याही टाकाव्यात. सोडायच्या तबकड्या भंगारवाल्याला देण्याआधी ज्येष्ठ नागरिक संघात विचारून पाहा. नाहीच कोणी घेतल्या तर ई-कचरा संकलनात द्या, जाळू मात्र नका.

यापुढच्या खरेदीविषयी मुलाशी बोलताना एक सोपी वाटणी सुचवतो. एकदा पाहायचा चित्रपट ऑनलाइन भाड्याने घ्यावा. अ‍ॅपल, यूट्यूब आणि अ‍ॅमेझॉन या तिघांकडेही ती सोय आहे, आणि भाडे हा तिथला सर्वांत प्रामाणिक व्यवहार आहे, कारण त्यात कायमचे काही देण्याचा आव नसतो. ऑनलाइन ‘खरेदी’ टाळावी, आणि करायचीच असेल तर ती आपल्या भारतीय खात्यातून, किंमत भाड्याच्या आसपास उतरलेली असतानाच करावी. जो चित्रपट दरवर्षी पाहिला जातो किंवा जो नातवंडांना द्यावासा वाटतो, त्याची तबकडी मिळत असेपर्यंत घ्यावी, आणि अमेरिकेतून मागवायची झाल्यास वेष्टनाच्या मागे छापलेले विभागाचे अक्षर मुलाने आधी कळवावे.